काठोकाठ

घोटीच्या पेठेत भाताचा व्यापार करणाऱ्या आमच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून एक शिस्त चालत आली आहे. जे मोजता येते ते मोजल्याशिवाय घ्यायचे नाही, आणि मोजलेले लिहिल्याशिवाय झोपायचे नाही. पोत्याचे वजन, भातातील ओल, गिरणीतून निघालेल्या तांदळाचा उतारा, कणी, कोंडा, सारे वहीत उतरते. मोटारीत घातलेले पेट्रोलही त्याच वहीच्या मागील पानांवर लिहिले जाते. गेल्या उन्हाळ्यात या शिस्तीने मला एका चांगल्या माणसाविषयी वाईट विचार करायला लावले, आणि पुढे त्याच वहीने तो विचार खोटा ठरवला. तो सारा प्रकार येथे लिहीत आहे. त्यात मोटारीच्या एका लहानशा भागाचे वर्णन बरेच येईल; पण त्यावाचून गोष्ट समजणार नाही.

आमच्याकडे वीस वर्षे एकच चालक होते. इगतपुरी तालुक्यातील एका खेड्यातले, घरी थोडी भातशेती असलेले गृहस्थ. माझ्या मुलांना शाळेत सोडण्यापासून वडिलांना शेवटच्या आजारात नाशिकला नेण्यापर्यंत सगळे त्यांनी केले. त्यांच्या हाती गाडीची किल्ली असे आणि पेट्रोलचे पैसेही असत. त्याबद्दल कोणी कधी काही विचारले नव्हते.

होळीच्या सुमारास वहीत डोकावताना मला दिसले की गाडीची सरासरी उतरली आहे. पूर्वी लिटरमागे सतरा किलोमीटर मिळत, ते पंधराच्या आसपास आले होते. पेठेत बसल्या बसल्या ही गोष्ट एका परिचितांजवळ सहज बोललो. ते हसून म्हणाले, “शेठ, गाडी पेट्रोल खात नाही, माणसं खातात.” वाक्य विनोदाचे होते. पण काही वाक्ये कुसळासारखी असतात. कोठे रुतली ते दिसत नाही, टोचत मात्र राहतात.

गुढीपाडव्यापासून मी नवा नियम केला. अर्धी टाकी झाली की पंपावर जायचे आणि टाकी काठोकाठ भरायची. नळी आपोआप बंद झाली तरी थांबायचे नाही. दोन-तीनदा पुन्हा दाबून, गळ्याशी पेट्रोल दिसेपर्यंत भरायचे. दोन्ही वेळा टाकी काठापर्यंत असली म्हणजे मधल्या अंतराला किती लिटर लागले याचा हिशेब चोख निघतो, अशी माझी समजूत. पंपावर मी स्वतः उभा राहू लागलो.

तिसऱ्या-चौथ्या खेपेस चालक म्हणाले, “शेठ, इतकी काठोकाठ नका भरू. मागून वास येतो.”

मी काही बोललो नाही. मनात मात्र म्हटले, बरोबर आहे, काठोकाठ भरली की चोरी पकडली जाणार; म्हणून नको. माणसाला एकदा संशयाचा चष्मा लागला की समोरच्याचा प्रामाणिक सल्लाही त्याच रंगाचा दिसतो.

अक्षय्य तृतीयेला आईच्या वर्षीतपाचे पारणे झाले. त्यानंतर तिला विल्होळीच्या धर्मचक्र तीर्थावर दर्शनाला नेत होतो. घोटीच्या पंपावर टाकी भरली, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरूच होईना. यंत्र फिरत होते, पण पेट घेत नव्हते. चालकांनी खाली वाकून काही पाहिले नाही की बॉनेट उघडले नाही. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला आणि पुन्हा किल्ली फिरवली. दोन आचके देऊन गाडी सुरू झाली, मागून काळपट धूर निघाला आणि पेट्रोलचा उग्र वास आत भरला. पारण्यानंतर जेमतेम अन्नाला लागलेल्या आईला मळमळू लागले. विल्होळीपर्यंत काचा उघड्या ठेवून गेलो.

परतताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता : अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी सुरू होते हे यांना आधीच कसे ठाऊक?

त्या रात्री आईला मी संशय बोलून दाखवला. ती प्रतिक्रमण करून नुकतीच उठली होती. तिने एवढेच विचारले, “तू पाहिलंस का?”

पाहिले नव्हते. तरी दुसऱ्या दिवसापासून चालकांनी रोज संध्याकाळी किल्ली घरी ठेवावी आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो मोबाइलवर पाठवावा, असे मी सांगितले. कारण दिले नाही. कारण न देता घातलेल्या अटीचे कारण समजायला वीस वर्षांच्या माणसाला वेळ लागत नाही. मृगाच्या तोंडावर एके दिवशी त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, “रोपं टाकायची आहेत, शेठ, गावी जातो,” असे म्हणाले, आणि त्यानंतर आले नाहीत. मीही बोलावले नाही. खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले. उघड बोलण्याचा प्रसंग टळला होता.

गाडीचा त्रास मात्र चालूच राहिला, आणि त्याचा स्वभाव मोठा विलक्षण होता. सकाळी थंड गाडी पहिल्या किल्लीला सुरू होई. गॅरेजात नेली की शहाण्या मुलासारखी वागे, जसा वैद्याच्या दारात पोहोचताच पोराचा ताप उतरतो. मग आठवडाभर काही नाही, आणि अचानक इगतपुरीला किंवा कसाऱ्याजवळ, मागे वाहनांची रांग लागलेली असताना, ती अडून बसे. आपल्याकडे स्याद्वाद शिकवताना ‘स्यात् अस्ति, स्यात् नास्ति’ असे भंग सांगतात. एका अपेक्षेने आहे, एका अपेक्षेने नाही. पाठशाळेत ते पाठ केले होते. बॉनेटखाली ते भेटतील असे वाटले नव्हते.

एका गॅरेजने स्पार्क प्लग बदलले. दुसऱ्या, मोठ्या गॅरेजने टाकीतील पेट्रोलचा पंप बदलला आणि त्याचे नऊ हजारांहून अधिक रुपये घेतले. दोन्ही वेळा चार-पाच दिवस गाडी ठीक चालली. अधूनमधून दिसणाऱ्या दोषाची ही खरी गंमत आहे. तो तसाही चार दिवस दिसणार नव्हता, आणि त्या चार दिवसांचे श्रेय जो भाग बदलला त्याला मिळते. गॅरेजवाल्यांनी फसवले असे मी म्हणत नाही. त्यांनाही चार दिवस आपले निदान बरोबरच वाटले असणार.

शेवटी सिन्नर फाट्याजवळच्या एका लहानशा गॅरेजात गेलो. मिस्तरी चाळिशीचे, हातात स्कॅनर, कानात पेन्सिल. त्यांनी गाडीकडे पाहण्याआधी विचारले, “केव्हा होतं, केव्हा होत नाही, काही लिहून ठेवलंय का शेठ?”

लिहून ठेवले होते. अक्षय्य तृतीयेपासून आषाढाच्या मध्यापर्यंत चोवीस वेळा पेट्रोल भरले होते. प्रत्येक वेळेची तारीख, वेळ, लिटर, किलोमीटर, कोठून कोठे गेलो, आणि गाडी अडली असल्यास तसा शेरा. मिस्तरींनी हात पुसून वही घेतली आणि शेऱ्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या. सहा वेळा गाडी अडली होती. सहाही वेळा इंजिन गरम होते, सहाही वेळा नुकतेच पेट्रोल भरले होते. भर दुपारी, घाट चढून आल्यावर पेट्रोल भरले की शक्यता अधिक. सकाळी एकदाही नाही. एकदा खिशात पैसे कमी असल्यामुळे पाचशे रुपयांचेच पेट्रोल घातले होते, तेव्हाही नाही.

“पंप बदलायची काही गरज नव्हती,” ते म्हणाले. “हा वाफेचा आजार दिसतो.”

आता थोडे या वाफेविषयी. पेट्रोल टाकीत स्वस्थ बसत नाही. ते सतत वाफ होऊन वर येते. उन्हात अधिक, आणि उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे आणखी थोडे अधिक. आपले इगतपुरी-घोटीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. कसाऱ्याचा घाट चढून आलेल्या मोटारीची टाकी म्हणजे चुलीवरून उतरवलेले भांडेच. जुन्या मोटारींत ही वाफ टोपणातून उघड्यावर जाई. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुरकट, डोळे चुरचुरवणारी हवा साचू लागली, तेव्हा हाखेन-स्मिट नावाच्या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिले की न जळालेले पेट्रोल आणि धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले म्हणजे हवेत ओझोन तयार होतो, आणि हा त्रास त्याचा आहे. म्हणजे उभी असलेली, बंद असलेली मोटारही हवा बिघडवत असते. त्यानंतर १९७०पासून प्रथम कॅलिफोर्नियात आणि पुढच्या वर्षी साऱ्या अमेरिकेत नव्या मोटारींना ही वाफ कोंडून ठेवण्याची सक्ती झाली. आपल्याकडेही हा नियम आहे. पूर्ण मोटार एका हवाबंद खोलीत ठेवून तिच्यातून किती वाफ निसटते ते मोजतात, आणि एका चाचणीत २ ग्रॅमपेक्षा अधिक निसटलेली चालत नाही. पोह्याच्या चमच्यातही मावून उरेल इतके हे पेट्रोल!

ही वाफ कोंडण्यासाठी टाकीपासून एक नळी काळ्या प्लास्टिकच्या डब्यात नेलेली असते. त्याला कॅनिस्टर म्हणतात. आत सक्रिय कोळशाचे दाणे असतात. या कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. एका ग्रॅम कोळशातील छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर त्या हजार चौरस मीटरच्या घरात भरतील. वाफ त्या भिंतींना चिकटून राहते. श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत पहिलेच कर्मादान अंगारकर्म, कोळशाचा धंदा. आणि येथे प्रत्येक मोटारीच्या पोटाखाली कोळशाची पेटी! मिस्तरींना हे सांगितले तर ते म्हणाले, “शेठ, हा कोळसा जाळायचा नसतो.”

कोळसा किती वाफ धरून ठेवणार? म्हणून पुढची योजना. कॅनिस्टरपासून दुसरी नळी इंजिनाकडे जाते आणि वाटेत एक विजेवर चालणारी झडप असते, तिला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. गाडी बंद असताना ही झडप घट्ट मिटलेली असली पाहिजे. इंजिन गरम होऊन चालू लागले की मोटारीतील संगणक तिला थोडी थोडी उघडतो, इंजिनाच्या ओढीने बाहेरची हवा कोळशातून आत जाते, चिकटलेली वाफ सोबत घेते आणि इंजिनात जळते. कोळसा पुन्हा मोकळा. आपल्या घरी पाणी गाळल्यावर गळण्यात राहिलेले जीव फेकून देत नाहीत. ज्या पाण्यातले त्या पाण्यात जिवाणी परत पोहोचवतात. ही यंत्रणाही जे अडवते ते टाकत नाही, जिथले तिथे नेऊन पोहोचवते. मला ती फार आवडली, आणि ती आपल्याच गाडीत इतकी वर्षे होती हे ठाऊक नसल्याची थोडी लाजही वाटली.

“ही झडप पूर्ण मिटत नसेल तर काय होईल?” मिस्तरींनी विचारले आणि उत्तरही त्यांनीच दिले. पेट्रोल भरताना टाकीत जितके पेट्रोल शिरते तितकीच जागा वाफेला सोडावी लागते. तिच्यातली काही कॅनिस्टरकडे ढकलली जाते आणि मिटलेली नसलेल्या झडपेतून थेट इंजिनाच्या श्वासनळीत जाऊन बसते. इंजिनाला वजनाने १ भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा असे मिश्रण हवे असते. किल्ली फिरवताच त्याला हवेऐवजी वाफच वाफ मिळते आणि ते गुदमरते. त्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की हवेची वाट पूर्ण उघडते, शिवाय बहुतेक गाड्यांचा संगणक तेवढ्यापुरते पेट्रोल तोडतो. दोन-तीन फेऱ्यांत साचलेली वाफ निघून जाते आणि गाडी सुरू होते.

“हे जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक असतं,” ते म्हणाले. “कार्ब्युरेटरच्या काळातही इंजिन पेट्रोलनं तुंबलं की असंच करायचे.”

मी वहीकडे पाहत राहिलो.

मग मी विचारले की संगणकाला हे कसे कळले नाही, समोर दिवा का लागला नाही. उत्तर ऐकण्यासारखे होते. अमेरिकेतील मोटारींना १९९६पासून या वाफेच्या मार्गात गळती आहे का तेही स्वतः तपासावे लागते. प्रथम १ मिलिमीटर आणि पुढे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही पकडावी लागते. आपल्याकडील बहुतेक मोटारींत संगणक त्या झडपेच्या तारेवर लक्ष ठेवतो. तार तुटली, वीज पोहोचली नाही, तर दिवा लागेल. वीज नीट पोहोचते आहे पण झडप मिटत नाही, हे त्याला दिसेलच असे नाही. दिवा लागला नाही म्हणजे दोष नाही, असे मानणाऱ्यांत मी एकटा नव्हतो. मोठ्या गॅरेजनेही तेच मानले होते.

पण हे सारे अनुमान होते. दोष हजर असल्याशिवाय तो पकडता येत नाही. मिस्तरींनी दोन दिवस सकाळी थंड इंजिन चालू करून झडपेची कॅनिस्टरकडील नळी काढली आणि तोंडावर अंगठा ठेवला. थंड इंजिनात झडप मिटलेली हवी, म्हणजे ओढ लागायला नको. लागली नाही. झडपेच्या तारा हलवून पाहिल्या, तिचा विद्युत रोध मोजला, बॅटरीला जोडून ती टकटक वाजते का पाहिले. सारे उत्तम. दुसऱ्या कोणी “गाडीत काही नाही” म्हणून बिल केले असते. ते म्हणाले, “उद्या दुपारी कसाऱ्याला जाऊन या, वर आल्यावर पेट्रोल भरा, तुमच्या पद्धतीनं. अडली की तिथूनच फोन करा. हात लावू नका.”

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी अडली. दुपारी सव्वादोनला ते मोटारसायकलवरून पंपाबाहेर आले. गाडी ढकलून पंपापासून बरीच दूर, रस्त्याच्या कडेच्या झाडाखाली नेली. वाफेचे काम पंपाजवळ करायचे नाही आणि जवळपास कोणी विडी ओढायची नाही, ही त्यांची अट. अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी सुरू केली. स्कॅनरवर एक आकडा दिसत होता. संगणक नेहमीच्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी किंवा जास्त सोडतो आहे त्याचा. तो उणे १८ होता. म्हणजे कोठून तरी आगाऊ पेट्रोल येत होते आणि संगणक आपल्या बाजूने हात आखडत होता. त्यांनी झडपेकडे जाणारी नळी पकडीने दाबून बंद केली. आकडा हळूहळू उणे ३वर आला. पकड सोडली, पुन्हा उणे १८. मग झडपेची वीज काढून टाकली. आता ती मिटलीच पाहिजे. नळी काढून माझाच अंगठा तेथे ठेवायला लावला. अंगठा आत ओढला गेला, वासरू चोखते तसा.

त्यांनी पेचकसाच्या मुठीने झडपेला हलकेच टकटक केले. ओढ थांबली. आकडा जागेवर आला. मिनिटभरात गाडी पुन्हा निर्दोष झाली होती.

इंजिन निवल्यावर झडप काढली. “वही द्या,” म्हणाले. कोरे पान उघडून त्यावर झडप उलटी धरली आणि दोनदा ठोकली. पानावर काळे बारीक दाणे पडले, मोहरीच्या चुऱ्यासारखे. कॅनिस्टरमधला कोळसा फुटून नळीतून आला होता. एखादा कण झडपेच्या बैठकीत अडकला की ती मिटत नसे. पुढच्या उघडझापीत तो निघून गेला की काही झालेच नाही असे वागत असे.

“कोळसा का फुटला?”

“वाफेसाठी असतो तो, पेट्रोलसाठी नाही. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलच त्या नळीत शिरतं. कोळसा भिजतो, सुजतो, फुटतो. मग मागून वासही येतो. पंपाची नळी बंद झाली की थांबायचं, शेठ. वरची जागा रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. वाफेसाठी ठेवलेली असते.”

मी बराच वेळ काही बोललो नाही. गाडी अडायला लागली होती अक्षय्य तृतीयेला. काठोकाठ भरायला मी सुरुवात केली होती पाडव्याला. आणि ‘मागून वास येतो, भरू नका’ हे या दोहोंच्या मध्ये केव्हातरी एका माणसाने सांगितले होते.

मिस्तरी अजून वही पाहत होते. त्यांना सरासरीचा रकाना दिसला. “ही गाडी आता तुम्हीच चालवता ना?” हो म्हटले. “ड्रायव्हर होते तोवरच्या अकरा भरण्यांत चौदा पॉइंट नऊ. तुम्ही एकटे असतानाच्या तेरा भरण्यांत चौदा पॉइंट आठ.” माझ्याच अक्षरातले आकडे होते. प्रत्येक रात्री लिहिले होते. शेजारी शेजारी ठेवून एकदाही पाहिले नव्हते. नंतर घरी बसून जुनी पाने लावली. सतरा किलोमीटर पडत तेव्हा गाडी बहुतेक महामार्गावर, वाशीच्या बाजारापर्यंत जात असे. माघापासून आईची औषधे आणि दर्शने यांमुळे ती नाशिक शहरात, चौकाचौकांत थांबत, होळीनंतर वातानुकूलन लावून फिरू लागली होती. बदल मीच केला होता.

प्रतिक्रमणात आपण दुसऱ्या अणुव्रताचे अतिचार म्हणतो. त्यात पहिलेच ‘सहसाभ्याख्यान’. विचार न करता कोणावर आळ घालणे. अठरा पापस्थानकांतही अभ्याख्यान तेरावे. मी प्रतिवर्षी म्हणतो. आजवर वाटे की आळ म्हणजे चारचौघांत तोंडाने बोललेला. मी तर चालकांना एक शब्द बोललो नव्हतो.

नवी झडप बसवली. तीन आठवडे गाडी उत्तम चालली आणि श्रावणात पुन्हा अडली. मी चिडलो, मिस्तरी मात्र खजील झाले. फुटका कोळसा तसाच ठेवून नुसती झडप बदलणे ही आपली चूक, असे त्यांनी सरळ मान्य केले आणि मजुरी घेतली नाही. दुसऱ्या गॅरेजांचा अनुभव ताजा असल्याने मला ते फार मोठे वाटले. जुना कॅनिस्टर काढून आम्ही दुकानात आणला आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर नव्याशेजारी ठेवला. त्याच बनावटीचे, त्याच मापाचे दोन डबे. जुना पाव किलोहून अधिक जड भरला. ते सगळे माझ्या हिशेबीपणाचे पेट्रोल होते. नव्या डब्याबरोबर झडप आणि मधल्या नळ्याही बदलल्या.

“आता गेलं?” मी विचारले.

“चार वेळांतून एकदा दिसणारा दोष एकदा दिसला नाही म्हणून गेला असं कसं म्हणायचं? दहा वेळा भरा. एकदाही अडली नाही तर बोलू.”

हिशेब घालून पाहिला. दोष कायम असताना सलग दहा वेळा तो निव्वळ योगायोगाने न दिसण्याची शक्यता अठरांत एक इतकी उरते. वर्षानुवर्षे नमुन्याचे चार दाणे पाहून पोते घेणाऱ्या मला हा हिशेब कोणी शिकवला नव्हता.

पर्युषण आले तेव्हा चारच भरण्या झाल्या होत्या. संवत्सरीच्या दोन दिवस आधी मी चालकांच्या गावी गेलो. रस्ता घोटीहून भंडारदऱ्याच्या बाजूचा, पाऊस धरलेला, कळसूबाई ढगांत. ते शेताच्या बांधावर होते, डोक्यावर घोंगडे, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. आवणी केव्हाच होऊन भात पोटरीला येत होते. ‘मिच्छामि दुक्कडं’ आपण पेठेत शेकडो जणांना म्हणतो, हल्ली मोबाइलवरून एकदम पाठवतो. बांधावर उभा राहून मला तो शब्द सापडेना. “माझी चूक झाली,” एवढेच म्हटले, आणि संशय काय होता तेही सांगितले. ते न सांगता क्षमा मागणे मला बरे वाटेना. पगाराचे राहिलेले पैसे नेले होते, ते दिले. त्यांनी मोजले नाहीत.

“मला कळलं होतं शेठ,” ते म्हणाले. “फोटो मागितला तेव्हाच.”

पाऊस वाढला म्हणून पडवीत गेलो. मी कोळशाच्या डब्याची सगळी हकिकत सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. झडप कोठे असते, कोणत्या बाजूची नळी, असे दोन-तीन प्रश्न विचारले. मग म्हणाले, “डब्याचं मला माहीत नव्हतं. पण मागच्या चाकाजवळ वास यायचा, म्हणून बोललो होतो.”

“हो,” मी म्हटले. “तुम्ही बोलला होता.”

परत याल का, हे विचारले. भात कापून झाल्यावर पाहू, असे म्हणाले. दिवाळी होऊन गेली; अजून आलेले नाहीत. आईच्या तब्येतीची चौकशी करायला मात्र एकदा येऊन गेले आणि गाडीजवळून जाताना मागच्या चाकापाशी क्षणभर थांबले.

दहा भरण्या पूर्ण झाल्या, पुढे आणखी तेरा झाल्या. गाडी अडली नाही. घोटीच्या पंपावर नळी पहिल्यांदा बंद झाली की मी “बस” म्हणतो. पंपावरचा मुलगा सवयीने विचारतो, “राउंड करू का शेठ?” नको म्हणतो. परवा वहीत २,३८७ रुपये लिहिले.